कर्दळ, केळ, अळू

बुकिंग आलं तेव्हा मी मटकी धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी ओतत होते. फोन ओट्यावर थरथरला. शुक्रवार ते रविवार, दोन रात्री, मागची खोली, माणूस एक, न्याहारीसह, पैसे आगाऊ भरलेले. नाव ऋचा खांबेटे. मी हात पुसले, चष्मा लावला आणि पुन्हा वाचलं. आडनाव माझंच होतं आणि नाव मीच ठेवलेलं होतं. माझ्या मुलीने माझ्याच घरात खोली बुक केली होती. अर्जाच्या तळाशी ‘विशेष विनंती’ अशी एक चौकट असते. लोक तिथे काय वाटेल ते लिहितात. जैन जेवण हवं, पाली नकोत. एकाने तर ‘पक्षी नक्की दिसावेत’ असं लिहिलं होतं, जसं काही ते माझ्याकडे नोकरीला आहेत. ऋचाने लिहिलं होतं, ‘आंघोळीचं पाणी मोजू नये.’

चार शब्द, आणि शेवटी पूर्णविराम. माझी मुलगी इंग्रजीत भांडते आणि मराठीत थट्टा करते, त्यामुळे ही थट्टाच असणार असं मी धरून चालले. पण थट्टा करणारं माणूस फोन करतं. रविवारी सकाळी साडेदहाला तिचा फोन येतो, आम्ही वीस मिनिटं बोलतो, भाज्यांबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल, जावयाच्या, प्रणितच्या, बदलीबद्दल. आदल्याच दिवशी बोललो होतो. येणार असल्याचं तिने अवाक्षर काढलं नव्हतं. तीन वर्षांत ती या घरात आलेली नाही. मीच पुण्याला गेले, चारदा. ती मला स्टेशनवर न्यायला येते, माझी पिशवी हातातून काढून घेते, सगळं व्यवस्थित करते. मात्र ‘इकडे कधी येतेस’ म्हटलं की तिला काही ना काही काम निघतं. आता ती येणार होती ती गिऱ्हाईक म्हणून. मला आधी राग आला. त्यामागे आनंद आहे हे कळायला मला मटकी मोडाला बांधून होईपर्यंत वेळ लागला.

आमच्या घराचं नाव ‘ओंजळ’. माझ्या नवऱ्याने, सत्यजीतने, ठेवलेलं. कर्नाळ्याच्या अलीकडे हायवे सोडून आत आलं की आंब्याच्या दोन झाडांमागे दिसतं. तीन खोल्या पाहुण्यांच्या, एक माझी, एक विहीर. सत्यजीतला पक्ष्यांचं वेड होतं आणि पक्षी बघायला येणाऱ्यांना पहाटे चहा द्यायला त्याला आवडायचं; त्यातून हा उद्योग सुरू झाला. मी पनवेलच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, शेवटची नऊ वर्षं पर्यवेक्षिका होते. तो पाहुण्यांशी बोलायचा आणि मी मोजमाप बघायचे, अशी वाटणी होती. सहा वर्षांपूर्वी तो गेला आणि दोन्ही कामं माझ्याकडे आली. त्यातलं एक मला जमतं. प्रत्येक खोलीत मी एक कार्ड ठेवते. गरम पाणी एक बादली, गार पाणी एक बादली. टॉवेल रोज बदलून मिळणार नाही. ताटात टाकलेलं खतात जाईल, पण टाकू नका. प्लास्टिकची बाटली आणलीत तशी परत न्या. या सगळ्याला ‘पर्यावरणपूरक’ म्हणतात हे मला ऋचाने सांगितलं, वेबसाइट बनवून देताना. त्याआधी मी त्याला नीट वागणं म्हणत असे. लोक हरखतात, वहीत ‘आमची आजीही असंच करायची’ असं लिहितात आणि एसी कुठे आहे विचारतात. हल्ली तर पक्षी बघणारे कमी आणि पहाटेचं विमान पकडणारे जास्त. विमानतळ सुरू झाल्यापासून त्यांना खोली हवी असते ती फक्त सहा तास पाठ टेकायला, आणि अशा माणसाला कार्ड वाचायला वेळ नसतो.

पण कार्ड कुणी वाचलं आणि कुणी नाही हे मला कळतं. न्हाणीघरांचं सांडपाणी घरामागे एका खड्ड्यात येतं, खडी-वाळूतून गाळून पुढे उघड्या पाटात पडतं. पाटाच्या तोंडाशी कर्दळ आहे, मग केळी, मग अळू. एक बादली पाणी कर्दळीतच मुरतं. दोन बादल्या झाल्या की केळीचं आळं ओलं होतं. तीन झाल्या की अळवाला पोचतं. अळवाच्या पुढे पाट नाही, कुंपणापर्यंत कोरडी लाल माती आहे, कारण तिथवर पाणी जायचं कारणच नाही. मी सकाळी चहाचा कप घेऊन पाटाशेजारच्या धुण्याच्या दगडावर बसते. मी कधी कुणाच्या बाथरूमच्या दाराला कान लावला नाही. गरजच नव्हती. मालूला आणि मला पाहुण्यांची नावं लक्षात राहत नाहीत; आमच्यात ही कर्दळवाली, तो अळूवाला असंच चालतं. मागे डोंबिवलीचं एक नवं जोडपं होतं, ते दोघं मिळून कर्दळीपर्यंतच आले, तेव्हा मालू बराच वेळ पदर तोंडाशी धरून हसत होती.

मालू माझ्याकडे कामाला आहे, म्हणजे तसं म्हणायची पद्धत. तिच्या सासऱ्यांची मिठागरं होती, शेती होती, ती सगळी विमानतळाच्या आणि रस्त्यांच्या पोटात गेली. आता तिच्या नावावर उलव्यात दोन फ्लॅट आहेत आणि माझ्या नावावर ही विहीर. ती सकाळी स्वतःच्या स्कूटरवर येते, पुढच्या हुकाला भाजीची पिशवी लावून. कशाला येतेस गं, एकदा विचारलं तर म्हणाली, “घरान एशी हाय, सून हाय, टीवी हाय. कराचा काय मी?” विमानतळामुळे तिचं काय गेलं हे ती बोलत नाही. फक्त विमान डोक्यावरून गेलं की क्षणभर हातातलं काम थांबवते, आणि मग पुन्हा सुरू करते.

बुकिंगचं मी तिला सांगितलं तेव्हा ती तांदळाच्या भाकरीचं पीठ मळत होती. “पैशे भरून?” तिने विचारलं. हो म्हटलं. “मंग ती पाव्हनी. पाव्हनीला पानी मोजून द्याचा नाय.”

“आपण सगळ्यांना मोजूनच देतो, मालू.”

“म्हनून तं बोलतंय.”

तिला ती सकाळ माहीत आहे. ती होती तेव्हा. तीन वर्षांपूर्वीचा मे, असाच. ऋचाला पाचवा महिना लागला होता आणि गर्भ गेला. नऊ दिवसांनी ती माझ्याकडे आली, एकटी, कारण प्रणितची रजा संपली होती. विहिरीने तळ गाठला होता. विहिरीत मी दोर सोडते, त्याला हात-हातभर अंतरावर गाठी आहेत. त्या आठवड्यात दोनच गाठी भिजत होत्या. घरात दोन खोल्या भरलेल्या होत्या, एकीत दोन लहान मुलं. ऋचा बोलत नव्हती, खात होती, झोपत होती. मी तिच्या आवडीचं केलं, अळिवाचे लाडू केले, पाठीला तेल लावलं. काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं म्हणून जे हाताने करता येतं ते करत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या खोलीच्या न्हाणीघरात गेली आणि शॉवर सुरू झाला. तेव्हा तिथे शॉवर होता. आंघोळ करणाऱ्या माणसाच्या पाण्याचा आवाज तुटक असतो. अंगावरून पडतं, थांबतं, बाजूला सांडतं. हा आवाज सलग होता. मी दगडावर बसले होते. कर्दळ भरली, केळीचं आळं भरलं, पाणी अळवात गेलं. मी उठून मागच्या भिंतीशी गेले. तिथे लाल मुठीचा कॉक आहे. मी तो फिरवला.

आणि दाराशी जाऊन म्हणाले, “रडायचं असेल तर नळ बंद करून रड, बाळ.”

ती रडते आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मी नंतर बहिणीला, पद्मजाला, फोनवर सांगितलं. ते खोटं आहे. मला ठाऊक होतं. वाक्यातच आहे ते. मला तिच्या रडण्याचं वाईट वाटत होतं आणि पाण्याचंही वाईट वाटत होतं, आणि त्यातल्या एकावर मला इलाज करता येत होता. ती दहा मिनिटांनी बाहेर आली. केसांना फेस तसाच होता. तिने तो टॉवेलने पुसून काढला, बॅग भरली, गाडी बोलावली. “पोचले की कळवते,” म्हणाली आणि पोचल्यावर कळवलंही. त्याच आठवड्यात मी नळकाम करणाऱ्या हरेशला बोलावून शॉवर काढायला लावला आणि वेबसाइटवर ‘पारंपरिक बादलीस्नान’ असं लिहिलं. ते लोकांना फार आवडलं. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याचा फोटोही आला, पितळी घंगाळ आणि शेजारी जास्वंदीचं फूल. घंगाळ मालूच्या घरून आणलं होतं.

तेव्हापासून ही केस माझ्या डोक्यात चालू आहे. वकील मी, न्यायाधीश मी. दोन गाठी पाणी, बाजूच्या खोलीतली लहान मुलं, वीस मिनिटं म्हणजे किती बादल्या, टँकर न घेण्याचा सत्यजीतचा निश्चय. माझी बाजू मी इतक्यांदा मांडली आहे की ती मला पाढ्यासारखी येते. ती दर वेळी बरोबर असते आणि दर वेळी मी हरते, हे काही मला उमगत नव्हतं. पाण्यासाठी कुणी तीन वर्षं आईचं घर सोडतं का? मग पुन्हा दोन गाठींपासून सुरुवात.

शुक्रवारला चार दिवस होते. मी दोर सोडून पाहिला, पाच गाठी. म्हणजे दुष्काळ नव्हता, पण उधळायलाही नव्हतं. शुक्रवार-शनिवारचं एक विमानवाल्यांचं बुकिंग होतं, त्यांना फोन करून सांगितलं की पाणी कमी आहे, दुसरीकडे बघा. हरेशला बोलावलं. शॉवर माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता, तो मी खाली काढला. “मॅडम, हा तुम्हीच काढायला लावला होता ना?” तो म्हणाला. हो म्हटलं, आता तूच बसव. त्याने शॉवरची चाळणी व्हिनेगरमध्ये बुडवून भोकं साफ केली, बसवून पाणी सोडलं आणि दाखवायला म्हणून सोडून ठेवलं. मी “पुरे पुरे” म्हणून ओरडले. तो हसला, मला नाही हसू आलं. चार दिवस धरायचं आणि दाखवण्यात घालवायचं असं मला चालणार नव्हतं.

होय, मी पाणी साठवत होते. लेक येणार म्हणून लोक लोणी साठवतात, फणसाचे गरे राखून ठेवतात, तसंच म्हणा. विहिरीतलं पाणी असं साठत नाही हे गणिताच्या बाईला कळतं; पण उपसलंच नाही तर तेवढं राहतं, एवढं तर खरं. भांडी राखेने घासून एका पाण्यात काढायला लागले. चादरी धुवायच्या पुढे ढकलल्या. आणि आंघोळीऐवजी ओल्या पंच्याने अंग पुसून काढत होते, मे महिन्यात, या वयात. बुधवारी मालू मागच्या दारी केर काढत होती. तिने आत येऊन मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“वयनी, तुमी आंघोल नाय केली?”

“केली की.”

“कर्दल सुकी हाय. काल पन सुकी होती.”

पंधरा वर्षं दुसऱ्यांना पकडण्याची माझीच रीत माझ्यावर उलटली. मालूने झाडू कोपऱ्यात ठेवला आणि फ्रिजवरच्या पेनाने जुन्या बिलाच्या पाठीवर एक नंबर लिहिला. तिच्या दिराचा टँकर होता. “फोन कराचा, अर्ध्या तासान येल. कुनाला सांगाचा नाय.” माझ्या वेबसाइटवर पहिल्याच ओळीत ‘टँकर नाही’ असं आहे. टँकर भरतो ती कुणा दुसऱ्या गावची विहीर असते, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत आले. मी नंबर फाडून टाकायला हवा होता. मी तो फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला.

शुक्रवारी चार वाजता ऋचा आली. एक छोटी बॅग, पाण्याची स्टीलची बाटली, उन्हाने लाल झालेला चेहरा. ती छत्तीस वर्षांची आहे. कपाळावरची एक बट पांढरी झाली होती आणि ती तिने रंगवलेली नव्हती. मी दारात उभी राहिले. लेक म्हणून आली असती तर भाकरतुकडा ओवाळून टाकला असता. गिऱ्हाइकासाठी मी लिंबाचं सरबत देते, काचेच्या ग्लासात, स्ट्रॉशिवाय. मी सरबत दिलं. ती ते उभ्याने प्याली आणि म्हणाली, “आधार कार्ड देऊ?”

“वेडी आहेस का?”

“रजिस्टर तर लिहायला लागेल. तू इन्स्पेक्शनला घाबरतेस.” तिने स्वतःच वही ओढली. नाव, गाव, फोन. ‘येण्याचे कारण’ या रकान्यात लोक पर्यटन, विमान, लग्न असं लिहितात. तिने लिहिलं, ‘राहायला’. मग खोलीत गेली आणि मिनिटभरात परत आली. “ते कार्ड कुठंय? टेबलावर असतं ते?”

“तुझ्या खोलीत नाही ठेवलं.”

“का? मी पेइंग गेस्ट आहे. सगळ्यांना असतं ते मला पण पाहिजे.” आवाजात थट्टा होती की नाही हे मला ठरवता येईना. मी कपाटातून कार्ड काढून दिलं. तिने ते माझ्यासमोरच वाचलं, पहिल्यांदा वाचत असल्यासारखं, आणि ‘गरम पाणी एक बादली’ इथे जरा थांबली. मला लाज वाटली. कार्डाची नव्हे, कार्ड बरोबर आहे.

संध्याकाळी मी तिचं पान पाहुण्यांच्या टेबलावर मांडलं. पाहुण्यांबरोबर मी बसत नाही, वाढते आणि आत जाते. वाढून झाल्यावर मी तिथेच भांडं हातात घेऊन उभी होते, आत जायचं की बसायचं या विचारात. ऋचाने जेवता जेवताच पायाने शेजारची खुर्ची बाहेर ढकलली. मी बसले. वालाची उसळ होती, तांदळाची भाकरी होती. तिने ताट इतकं स्वच्छ केलं की खताला द्यायला काही उरलं नाही. लहानपणी माझ्या शिक्षेच्या भीतीने करायची तसं नाही, सवयीनेच. मग आम्ही मागच्या पायरीवर बसलो. उलव्याच्या बाजूला क्रेनचे लाल दिवे लागले होते. एक विमान खाली उतरत गेलं, चाकं दिसतील इतकं खाली, आणि त्याचा आवाज संपेपर्यंत आम्ही दोघी तिकडे बघत होतो.

“आम्ही थांबलोय, आई,” ती म्हणाली. “आता नाही करायचे प्रयत्न. प्रणितचं आणि माझं ठरलं. दोनदा ट्रीटमेंट घेतली मध्ये, तुला नव्हतं सांगितलं. आता बास.”

“बरं,” मी म्हणाले. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. दोनदा म्हणजे केव्हा, रविवारच्या कुठल्या फोनच्या आधी आणि कुठल्या फोनच्या नंतर, असा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि मी तो मुश्किलीने बंद केला. “हे सांगायला आलीस?”

“फोनवर नव्हतं सांगायचं.”

“मग घरी येते म्हणायचं ना. बुकिंग कशाला?”

“घरी येते म्हटलं असतं तर तू आठवडाभर तयारी केली असतीस.” मी फ्रिजकडे बघितलं नाही. “आणि मला खात्री नव्हती मला राहता येईल की नाही. गेस्टला कसं, नाही जमलं तर निघता येतं. कोणी का म्हणून विचारत नाही.”

मी म्हटलं, “त्या दिवशी विहिरीला दोनच गाठी पाणी होतं, ऋचा. बाजूच्या खोलीत लहान मुलं होती.” पाढा सुरू झाला होता. ती माझ्याकडे वळून बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरच आश्चर्य होतं.

“तुला वाटतं मी पाण्यावरून गेले?”

“मग कशावरून?”

“पाण्याचं काय गं. तू पाणी बंद करणारच. मी सहावीत असताना दात घासताना पण बंद केलंयस. तसं नसतं केलंस तर मला वाटलं असतं माझं काहीतरी फारच वाईट झालंय.” ती थोडी हसली आणि मग हसायची थांबली. “तू मला बाळ म्हणालीस.”

मला कळलं नाही. मग कळलं. मी सगळ्यांना बाळ म्हणते. एकतीस वर्षं प्रत्येक पोराला म्हणत आले. हरेशला म्हणते, विमानवाल्यांना म्हणते, पन्नाशीच्या माणसाला म्हटलेलं आहे. वाक्य संपवायची माझी ती पद्धत आहे, पूर्णविराम द्यावा तशी. ते वाक्य मी तीन वर्षं तपासत होते. रडायचं, असेल, नळ, बंद, रड. एकेक शब्दाला मार्क दिले होते, कापले होते. आणि चूक शेवटच्या शब्दात होती, जो मी वाचलाच नव्हता. गर्भ जाऊन अकरा दिवस झाले होते तिला. मला तिचा हात धरायचा होता, पण माझे हात नुसतेच मांडीवर पडून राहिले.

“मग विनंतीत पाण्याचं का लिहिलंस?” मी विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

“तिथे दुसरं काय लिहिणार होते? ‘बाळ म्हणू नये’?” ती म्हणाली. यावर आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं, तिला नाही. तिने माझी पाठ थोपटली, मी मुलांची थोपटायचे तशी, दोनदा हलकं आणि एकदा जोरात.

शनिवारी सकाळी मी सातला पाटाशी दगडावर बसले, चहा घेऊन. रात्रीपासून एकच इच्छा होती, की तिने खूप पाणी घ्यावं. माझ्याकडे होतं. पाच गाठी, चार दिवस अंग पुसून वाचवलेलं, शिवाय फ्रिजवर एक नंबर. मला तिचं पाणी कर्दळ ओलांडून, केळी ओलांडून अळवाच्या मोठ्या पानांखाली शिरताना बघायचं होतं. आत नळाचा आवाज झाला. खड्ड्यातून गाळून पाणी पाटात यायला थोडा वेळ लागतो. आलं, रिठ्याचा जरासा फेस, गढूळ, कोमट वाफ. कर्दळीच्या बुडात शिरलं, तिथेच फिरलं, मुरलं. आणि थांबलं. केळीचं आळं कोरडं होतं. मी चहा संपवला, वाट पाहिली. एक बादली. शॉवर असताना, मीठ-मोहरीसारखं मोजून, तिने एक बादली पाणी घेतलं होतं. मी तिला जे शिकवलं ते ती अचूक शिकली होती. वर्गात असती तर मी पैकीच्या पैकी दिले असते.

मी उठले. मागच्या भिंतीशी आले, लाल मुठीच्या कॉकजवळ, आणि उभी राहिले. आत काही आवाज नव्हता. तांब्याचा नाही, टॉवेल झटकल्याचा नाही. आंघोळ झाल्यावर माणूस बाहेर येतं; ती आली नव्हती. ती नुसती बसली होती. आवाज नसला तरी मला तेवढं कळतं, तेव्हाही कळत होतं. मी हात पुढे केला तो भिंतीवर टकटक करायला, पण हाताला कॉकची ती मूठ आठवली आणि मी तो मागे घेतला.

“ऋचा.”

आत कुणीतरी श्वास रोखल्यासारखं झालं. “झालं माझं, आई. आलेच.”

“येऊ नकोस. पाणी आहे.” माझा आवाज वर्गावर ओरडताना होतो तसा झाला होता, तो मी खाली आणला. “भरपूर आहे पाणी. पुन्हा सोड. वाहू दे.”

‘बाळ’ माझ्या जिभेवर आलेलं होतं, वाक्य त्याच्यावाचून लंगडं वाटत होतं, मी ते तसंच लंगडं राहू दिलं.

“तू तिथे उभी आहेस का?” तिने विचारलं.

“हो.”

“मग तू जा ना.”

“जाते,” मी म्हणाले आणि गेले. दगडावर येऊन बसले. कप रिकामा होता तरी हातात धरून ठेवला. आधी काहीच झालं नाही. मग शॉवरचा आवाज आला, सलग, न तुटणारा, आणि त्याच्या आतून दुसरा एक आवाज, जो मी तीन वर्षांपूर्वी ऐकला होता आणि ऐकला नाही म्हणून सांगितला होता. या वेळी मी तो ऐकला. पाणी आलं. कर्दळ भरली. केळीच्या आळ्याची माती काळी पडली, फुगली, पाणी तिच्यावरून सरकून अळवात गेलं. पानं हलायला लागली.

मालूची स्कूटर येऊन थांबली. ती पिशवी घेऊन मागच्या दारी आली, पाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “वयनी, पानी चाललाय.”

“चालू दे.”

तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्या शेजारी दगडावर टेकली. दगड एकाचाच आहे, मी सरकले. अळवाच्या पुढे मी पाट काढलेलाच नव्हता. पाणी तिथे जरा घुटमळलं, मग कोरड्या मातीतून मिळेल त्या वाटेने कुंपणाकडे निघालं. ते कुठवर जातं हे बघायला मी उठले नाही.